लिंका जपायच्या प्रोजेक्टच्या नोंदी : 'लीक' शोधलं की 'लोक' का सापडतात

१२ मे २०२५

आज एकदाची सुरुवात केली. बरेच दिवस डोक्यात घोळत होतं. आमच्या डेव्हलपर टीमच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी बातमी टाकतं, कोडच्या कुठल्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं, कोणाचं लायसन्स बदललं, कोणत्या स्टार्टअपला कोणी विकत घेतलं, नवीन रिलीजमध्ये काय मोडलं, आणि बरेचदा लिंकखाली दोन ओळी मराठीत असतात की बाबांनो हे आपल्याला का लागू आहे. त्या दोन ओळी हाच खरा माल. बातमी काय कुठेही मिळते, पण "आपण अजून जुन्या व्हर्जनवर आहोत, पुढच्या आठवड्यात बदलायला हवं" हे फक्त आपल्यातलाच माणूस लिहितो. आणि चार दिवसांत ते सगळं चॅटमध्ये गाडलं जातं, मग सहा महिन्यांनी तेच भांडण, तोच शोध, तीच "अरे कोणीतरी टाकलं होतं ना".

तर काम एवढंच. ग्रुपमधल्या लिंका आणि त्यांच्या टिपा एका जागी, काही निवडक साइटच्या फीड (साइटवर नवीन काय आलं त्याची आपोआप वाचता येणारी यादी) त्याच जागी, आणि वर एक शोधायची खिडकी. पायथन भाषा आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, सगळा डेटा एका फाइलमध्ये. रँकिंग करणार नाही हे आत्ताच ठरवलं. ताजं वर, जुनं खाली. कुठली बातमी महत्त्वाची हे टीप लिहिणाऱ्याने ठरवलेलं आहे, त्यावर आणखी गणित नको.

फीड म्हणजे आरएसएसच. कोणी म्हणेल हे जुनं झालं, नेटस्केपने १९९९ मध्ये आणलेलं, २००२ मध्ये २.० झालं, २००५ मध्ये ॲटम या दुसऱ्या फीड-प्रकाराचं मानक, आरएफसी ४२८७, आलं, आणि १ जुलै २०१३ ला फीड वाचायचं गूगल रीडर बंद झाल्यावर बऱ्याच जणांनी विषयच सोडून दिला. पण फीड मेल्या नाहीत. बहुतेक ओपन सोर्स प्रोजेक्ट, रिलीजची पानं, सुरक्षा सूचना अजून फीड देतात, आणि त्यात कोणाची परवानगी लागत नाही, एपीआय-की लागत नाही, उद्या कोणी दर वाढवेल ही भीती नाही. मला हे मनापासून आवडतं.

१४ मे

फीड आणणारा भाग झाला. पहिल्या रूपात दर अर्ध्या तासाला सगळ्या फीड पूर्ण ओढत होतो, बदल असो नसो. दुपारी एका साइटने ४२९ दिला (म्हणजे फार वेळा मागताय), सोबत किती वेळाने परत या ते सांगणारं रिट्राय-आफ्टर हेडर. त्यांचं बरोबरच होतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपण फुकट जाऊन उभे राहतो तर निदान रीत पाळायला हवी.

मग ईटॅगचं नीट केलं. सर्व्हर उत्तरासोबत एक खूण देतो, ती जपून ठेवायची, पुढच्या वेळी इफ-नन-मॅच मध्ये तीच परत पाठवायची, पानात काही बदललं नसेल तर ३०४ येतो आणि मजकूर येतच नाही. ज्यांना ईटॅग नाही त्यांच्यासाठी इफ-मॉडिफाइड-सिन्स, म्हणजे या तारखेनंतर बदललं असेल तरच द्या. एवढं केल्यावर बहुतेक फेऱ्या ३०४ वरच संपायला लागल्या. यूजर-एजंटमध्ये (कोण मागतंय ते सर्व्हरला सांगणारी ओळ) प्रोजेक्टचं नाव आणि संपर्काचा पत्ता टाकला, म्हणजे कोणाला त्रास झालाच तर आम्हाला सांगता येईल.

तारखांनी मात्र संध्याकाळ खाल्ली. एका फीडमध्ये टाइमझोनच नाही, एकात तारीख तीन दिवस पुढची, त्यामुळे ती बातमी वर चिकटून बसली ती हलेचना. आता नियम असा की फीडमधली तारीख आणि आपल्याला ती पहिल्यांदा दिसली ती वेळ, यातली जी आधीची ती खरी. भविष्यातून बातमी येत नाही. आणि एक फीड लेखात स्वल्पविराम बदलला तरी जीयूआयडी (फीडमधली बातमीची ओळखखूण) बदलते, म्हणजे तीच बातमी पुन्हा नवी होऊन येते. तिथे जीयूआयडीवर विश्वास न ठेवता यूआरएल धरली.

१७ मे

ग्रुपचा जुना चॅट एक्सपोर्ट करून लिंका काढल्या. टिपा पण. वाचता वाचता दोन तास कुठे गेले कळलं नाही. मार्च २०२४ च्या एक्सझेड (फाइल लहान करायचं टूल) प्रकरणावर आमच्या एका सहकाऱ्याने सात-आठ ओळी लिहिल्या होत्या, इतक्या स्वच्छ की आजही तशाच्या तशा कोणाला द्याव्यात. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचने दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने ते सोडून दिलं नाही, मागे मागे जात राहिला आणि एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम घातलेलं बॅकडोअर (चोरदार) बाहेर आलं, २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. खाली टीप होती, "अर्धा सेकंद. आपण असतो तर नेटवर्क स्लो आहे म्हणून पुढे गेलो असतो. यापुढे कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही." अशा ओळी चॅटमध्ये पडून राहतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट, जुन्या लिंका तपासल्या तर बऱ्याच मेलेल्या. काही सरळ ४०४, त्या बऱ्या, निदान खरं बोलतात. काही २०० (सगळं ठीक) देतात आणि पानावर लिहिलेलं असतं की पान सापडलं नाही, ह्या कळायला अवघड. काही मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मोजलं होतं की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नाहीत, ते वाचलं तेव्हा आकडा जास्त वाटला होता, आज आपलीच यादी बघून पटला. ठरवलं की लिंक आली की त्याच दिवशी शीर्षक, तारीख आणि पानाचा साधा मजकूर आपल्याकडे ठेवायचा. बाहेर दाखवायला नाही, शोधण्यापुरता. आणि वेबॅक मशीनवर (जुन्या पानांच्या प्रती जपणारी साइट) प्रत असेल तर तिचा पत्ता बाजूला.

यूआरएल सारख्या करायचं पण आजच उरकलं. यूटीएमवाले (वाचक कुठून आला ते मोजणारे) पॅरामीटर काढा, शेवटचा स्लॅश काढा, हॅशनंतरचं काढा (काही साइट हॅशनंतरच खरं पान ठेवतात, त्यांची वेगळी यादी), पानात कॅनॉनिकल लिंक (पानाने स्वतः सांगितलेला मुख्य पत्ता) असेल तर ती खरी.

२२ मे

शोध लावला. एफटीएस-५, म्हणजे मजकुरात शोधायची सोय, एसक्यूलाइटमध्ये आधीपासून असतं, वेगळा सर्व्हर नको काही नको. टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) त्याचाच डिफॉल्ट, युनिकोड६१. 'लायसन्स' टाकलं, आलं. 'बॅकडोअर' टाकलं, एक्सझेडची टीप पहिली. टीमला लिंक दिली, सगळे खूश. मी पण.

२६ मे

कुठेतरी पाणी मुरतंय. आमच्या टेस्टरने 'लीक' शोधलं, तिला डेटा लीकच्या जुन्या बातम्या हव्या होत्या. त्या आल्या, पण त्यांच्या मध्ये मध्ये अशा टिपा आल्या ज्यात लीकचा संबंधच नाही. एकीत "लोकांनी तक्रार केली", एकीत "क्लिक केलं की", एकीत "थ्रेड ब्लॉक होतो", एक तर चक्क "ट्युटोरियलची मालिका". ती म्हणाली, "अरे हा 'लीक' शोधतोय की ल आणि क?"

तिने सहज म्हटलं पण तंतोतंत तेच होतं.

रात्री टोकन छापून बघितले. 'सॉफ्टवेअर' हा एक शब्द इंडेक्समध्ये (शोधाच्या सूचीत) असा गेला होता : स, फ, टव, अर. चार तुकडे! काना, मात्रा, ऑकार, हलंत, सगळं गायब, आणि जिथे जिथे ते होतं तिथे शब्द तोडलेला. मग डॉक्युमेंटेशन शांतपणे वाचलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की डिफॉल्टमध्ये शब्दाचा भाग म्हणून फक्त अक्षरं, आकडे आणि खासगी वापराची चिन्हं धरतात. आता युनिकोडच्या वर्गवारीत क, ख, ग ही अक्षरं आहेत, पण वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलंत ही अक्षरं नाहीत, त्यांचा वर्ग वेगळा, मार्क. एमएन आणि एमसी. डिफॉल्टच्या यादीत हे दोन नाहीत, म्हणजे त्या टोकनायझरला आपली वेलांटी आणि इंग्रजीतली मोकळी जागा सारखीच.

आणि मग प्रश्न पडतो की इतके दिवस शोध चालत कसा होता. तर असा. शोधायला टाकलेला शब्दही त्याच सुरीने कापला जातो, 'लीक' चे झाले ल आणि क, आणि एफटीएस-५ अशा तुकड्यांना लागोपाठ आलेले शब्द समजून शोधतं. 'लायसन्स' सारख्या लांब शब्दाचे तुकडे सहसा दुसरीकडे जुळत नाहीत म्हणून उत्तर बरोबर वाटतं. 'लोक' मध्ये ल-क, 'क्लिक' मध्ये क-ल-क, 'ब्लॉक' मध्ये ब-ल-क, 'मालिका' मध्ये म-ल-क. सगळीकडे ल-क शेजारी शेजारी. 'लिंक' शोधा, हेच सगळं येणार. उलट 'लिंकवर' हा शब्द मात्र सापडणार नाही, कारण तो ल आणि कवर असा तुटतो. म्हणजे नको ते येतंय आणि हवं ते सुटतंय.

हे मला फार लागलं. एरर आला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. हे चालतंय असं दिसत राहतं आणि चुकीचं चालतं, आणि मराठीत शोधणारा माणूस काय समजतो तर आपल्याच भाषेत शोध नीट होत नाही, असतंच असं. मग तो इंग्रजी शब्द टाकायला लागतो. सवय लागते. ही सवय एका डिफॉल्टमुळे लागलेली असते हे त्याला कधी कळतही नाही.

२७ मे

दुरुस्ती एका ओळीची. टोकनायझरच्या कॅटेगरीजमध्ये एमएन आणि एमसी जोडले, इंडेक्स परत बांधला. आता 'सॉफ्टवेअर' एकच टोकन. 'लीक' टाकलं, फक्त लीक. 'कोड' टाकलं की 'कीड' येत नाही (आधी येत होतं, क-ड).

ट्रायग्रॅम टोकनायझर पण बघितला, तीन तीन चिन्हांचे तुकडे करतो, शब्दाच्या मधलं पण सापडतं. पण तीन चिन्हांपेक्षा लहान शब्द त्यात शोधताच येत नाही. 'बग' दोन अक्षरी. डेव्हलपरांच्या बातम्यांत बग शोधता येत नसेल तर काय उपयोग. सोडला.

त्यातच दुसरी गाठ. 'ॲप' शोधलं तर निम्म्याच टिपा. बाकीच्यांमध्ये पण 'अॅप' लिहिलेलं दिसतंय, डोळ्याला काडीचा फरक नाही. आतून बघितलं तर एकात ॲ हे एकच चिन्ह, यू+०९७२, दुसऱ्यात अ आणि त्यावर वेगळा चंद्र. ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ ला, ५.१ मध्ये आलं, त्याआधीचे कीबोर्ड आणि त्यांची सवय अजून चालू आहे. आणि युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत) हे दोन्ही एक होत नाहीत, मी त्यातलं एनएफसी लावून बघितलं, जैसे थे. 'ऑ' चं तसंच, कोणी एकच चिन्ह टाकतं, कोणी आ वर चंद्र ठेवतं.

'दुसऱ्या' मधला ऱ तर आणखी वेगळा. नवीन कीबोर्ड ऱ, हलंत, या असं लिहितो, जुना र, हलंत, मग एक न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे, मग या. ते न दिसणारं चिन्ह टोकनायझरच्या लेखी पुन्हा शब्द तोडणारं. म्हणजे 'दुसर्‍या' चे दोन शब्द.

म्हणून शोधासाठी वेगळा कॉलम केला. मूळ टीप जशीच्या तशी, तिला हात लावायचा नाही. शेजारी तिचं शोधरूप, त्यात ॲ-ऑ एकसारखे, ऱ एकसारखा, झेडडब्ल्यूजे काढलेला, चंद्रबिंदूचा अनुस्वार. शोधणाऱ्याने टाकलेला शब्द पण त्याच फंक्शनमधून जातो.

आणि ऱ्हस्व-दीर्घ पण एक करून टाकलं. यावर टीममध्ये वाद झाला, एकाचं म्हणणं की शुद्धलेखन मोडतोय. मी मोडत नाहीये, लिहिलेलं तसंच राहतंय, फक्त शोधताना 'फाइल' आणि 'फाईल', 'वेबसाइट' आणि 'वेबसाईट' एक धरतोय. शिवाय 'चूक' चं अनेकवचन 'चुका', तिथे व्याकरणच ऊ चा उ करतं. हे एक केल्याशिवाय 'चूक' शोधून 'चुका' मिळणारच नाहीत. चार शब्द उगाच एकत्र येतील, चालेल.

३० मे

आता विभक्ती. अपेक्षित होतंच. 'लिंक' शोधलं की फक्त 'लिंक', पण 'लिंकवर', 'लिंकमधली', 'लिंकेला' नाही, कारण आता ते पूर्ण वेगळे शब्द झाले.

पहिला उपाय सोपा, शब्दापुढे स्टार. लिंक-स्टार, म्हणजे लिंकने सुरू होणारं काहीही. मिळालं सगळं. मग 'जावा' टाकलं आणि निम्मी यादी जावास्क्रिप्टची. हे दोन वेगळे आहेत हे आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो आणि आपलाच शोध एक करतोय, हे नाही चालणार. 'सी' भाषा शोधली तर सीईओ, सीमा. 'गो' भाषा शोधली तर गोष्ट, गोंधळ, गोपनीयता.

दुसरा उपाय, इंडेक्समध्ये घालतानाच शब्दाचं शेपूट कापायचं. वर, ला, ने, नी, चा, ची, चे, च्या, मध्ये, साठी, कडून, पासून अशी यादी केली, मागून जुळलं की कापलं. अर्ध्या तासात कळलं की हे धोक्याचं आहे.

१ जून

कापाकापीतून काय काय निघालं त्याची नोंद ठेवतो, पुढे कोणी हेच करायला गेलं तर उपयोगी पडेल. 'पॉवर' च्या शेवटी वर, म्हणून उरलं पॉ. 'टॉवर' चं टॉ. 'सर्वर' असं लिहिणाऱ्यांचा सर्वर गेला, उरलं सर्, 'सर्व्हर' लिहिणाऱ्यांचा वाचला. 'कंपनी' च्या शेवटी नी, उरलं कंप. स्टार्टअपच्या बातम्यांत कंपनी हा शब्द नाही अशी टीप क्वचितच, आणि नेमका तोच.

तोडगा रात्री सुचला, आणि तो एसक्यूलाइटमध्येच होता. एफटीएस-५ सोबत एक व्होकॅब टेबल मिळतं, इंडेक्समध्ये कुठले शब्द आहेत आणि किती टिपांमध्ये आहेत त्याची यादी. मग कापायचंच कशाला? इंडेक्स जसा आहे तसा ठेवायचा. कोणी 'लिंक' शोधलं की व्होकॅबमधून लिंकने सुरू होणारे सगळे शब्द घ्यायचे, प्रत्येकाचं उरलेलं शेपूट बघायचं, ते आपल्या यादीतल्या प्रत्ययांनी बनलेलं असेल तरच तो शब्द शोधात घ्यायचा. 'जावामध्ये' चं शेपूट मध्ये, घेतला. 'जावास्क्रिप्ट' चं शेपूट स्क्रिप्ट, तो प्रत्यय नाही, सोडला. 'कंपनी' शोधलं की कंपनीने, कंपनीला, कंपनीच्या. काहीच कापलं जात नाही त्यामुळे काहीच हरवत नाही.

उलट बाजूने पण, कोणी 'लिंकवर' असंच टाकलं तर शेपूट काढून उरलेला शब्द व्होकॅबमध्ये स्वतंत्र आहे का ते बघायचं. 'लिंक' आहे, मग कापा. 'पॉ' नाही, मग पॉवरला हात लावू नका. शब्द खरा आहे की नाही ते आमच्याच टिपा सांगतात, बाहेरचा शब्दकोश लागला नाही.

सामान्यरूपासाठी थोडं जास्त. 'बातमी' चं 'बातम्या', 'भाषा' चं 'भाषेत', 'धागा' चं 'धाग्यात', इथे शब्दाचा शेवटचा स्वरच बदलतो. म्हणून शेवटचा स्वर सोडून बातम, भाष, धाग पासून शोधायचं, आणि शेपटाच्या यादीत ते बदललेले स्वर पण धरायचे. सगळे शब्द बसत नाहीत. बरेच बसतात.

'गो' चं मात्र जमलं नाही. 'गो' अधिक 'ची' म्हणजे 'गोची', आणि "मोठी गोची झाली" असं टिपांमध्ये बऱ्याचदा लिहिलेलं आहे. भाषांच्या नावांसाठी वेगळे टॅग ठेवले, गो, सी, आर, डी. हाताने लावायचे.

५ जून

शीर्षक ६० चिन्हांवर कापत होतो, शेवटी तीन टिंबं. एका बातमीच्या शेवटी "सुरक्…" आलं, हलंत उघडा पडलेला. 'सुरक्षित' हा शब्द बघा. यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. पायथनच्या लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनला तो ८, कारण ते कोडपॉइंट (युनिकोडचं एकेक चिन्ह) मोजतं. युनिकोडच्या जुन्या ग्राफीम (वाचताना एक वाटणारं अक्षर) नियमाने ५, सु, र, क्, षि, त. आणि वाचणाऱ्या माणसाला ४, सु, र, क्षि, त. जोडाक्षर मधून तोडू नये हा नियम युनिकोडने १५.१ मध्ये घातला, सप्टेंबर २०२३, आणि मी वापरतोय ती लायब्ररी अजून जुन्यावरच आहे. एका शब्दाची लांबी चार जण चार वेगवेगळी सांगतात.

मोजण्याच्या भानगडीतच पडलो नाही. ६० च्या आतली शेवटची मोकळी जागा शोधायची आणि तिथे कापायचं. अख्खा शब्द कमी दिसला तरी चालेल, अर्धा दिसता कामा नये.

१० जून

एकाच बातमीच्या अनेक लिंका हा प्रश्न राहिला होता. रेडिस या डेटाबेसचं लायसन्स मार्च २०२४ मध्ये बदललं तेव्हा ग्रुपवर एकामागून एक लिंका पडल्या होत्या, सगळ्या वेगळ्या साइटच्या, सगळ्यांचे शब्द वेगळे, यूआरएलने काय पकडणार. सिमहॅश (मजकुराचा छोटा ठसा काढून ठसे जुळवायचे) करून बघितलं. ती पद्धत जवळजवळ सारख्या पानांसाठी छान आहे, गूगलच्या २००७ च्या पेपरमध्ये ६४ बिटांचा ठसा आणि ३ बिटांपर्यंतचा फरक असं मोठ्या क्रॉलसाठी (वेबवरची पानं गोळा करायला) वापरलेलं आहे. पण ती तोच मजकूर थोडा बदलून आलाय हे ओळखते, तीच घटना दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगितली हे नाही. आमच्या लिंका दुसऱ्या प्रकारच्या. म्हणून हाताने जोडायचं बटण दिलं, "हीच बातमी". दोन सेकंदांचं काम.

पण ते करताना खरी अडचण दिसली, आणि ती मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. रेडिसवरच्या आमच्या टिपेत लिहिलंय, "आता ओपन सोर्स राहिलं नाही, वाल्कीकडे जाऊ". त्या दिवशी ते बरोबर होतं, बीएसडी हे ओपन सोर्स लायसन्स सोडून त्यांनी दुसरं लायसन्स घेतलं होतं आणि त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनखाली रेडिसच्या जुन्या कोडवरून वाल्की सुरू झालं. पण मे २०२५ मध्ये रेडिस ८ सोबत एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय परत आला. इलास्टिकसर्च या शोध-इंजिनाचं तसंच, २०२१ मध्ये बदल, त्यातून ओपनसर्च निघालं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथेही एजीपीएल जोडलं. टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या टूलचं लायसन्स ऑगस्ट २०२३ मध्ये बदललं, ओपनटोफू निघालं, ती दोन्ही अजून वेगळ्याच वाटेवर. आता समजा नवीन माणूस शोधायला बसला आणि त्याला फक्त २०२४ ची टीप मिळाली, तर शोध बिनचूक आणि माहिती जुनी. त्यावरून तो निर्णय घेणार.

म्हणून प्रत्येक टिपेला "पुढे काय झालं" असा धागा जोडला. जुनी टीप पुसायची नाही, त्या दिवशी आपण काय समजत होतो ते पण कळायला हवं, पण शोधात ती आली की खाली पुढची घडामोड तारखेसकट दिसलीच पाहिजे. रेडिस, इलास्टिक, टेराफॉर्म, तिन्ही आज जोडून टाकले.

१३ जून

छोटी कामं. 'बॅकडोअर' आणि 'बॅकडोर', 'डेटा' आणि 'डाटा', 'सर्व्हर' आणि 'सर्वर', 'रिलीज' आणि 'रिलीझ' यांची समानार्थी यादी. ही नियमाने होणारी नाही, उच्चार प्रत्येकाच्या कानातला वेगळा. यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवली, कोणीही ओळ वाढवू शकतं, दुपारपर्यंत टीमने स्वतःहून बऱ्याच ओळी घातल्या.

डेटाबेस वॉल मोडवर (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) टाकला, फीड लिहिणं चालू असताना शोध अडत होता तो अडायचा थांबला. बॅकअप रोज रात्री, फाइलची प्रत एसक्यूलाइटच्या बॅकअप कमांडने, नुसती कॉपी मारून नाही.

१८ जून

आज पहिल्यांदा कोणीतरी मला न विचारता वापरलं. आमच्या एका डिपेंडन्सीचा (आम्ही वापरतो त्या दुसऱ्याच्या पॅकेजचा) मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, बदलल्याची बातमी आली, टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीने 'मेंटेनर' शोधलं. दोन टिपा आल्या. एक एक्सझेडची, त्यात मेंटेनरचा विश्वास हळूहळू दोन वर्षांहून जास्त काळ कमवून मग काम साधलं गेलं त्याबद्दल. दुसरी मार्च २०१६ च्या लेफ्टपॅडची, ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं कोठार) काढलं आणि जगभरातले बिल्ड मोडले. दुसऱ्या टिपेत शब्द 'मेंटेनरने' होता, पहिलीत 'मेंटेनरचा'. जुन्या इंडेक्सवर मुद्दाम तोच शोध लावून बघितला. तिथे 'मेंटेनर' म्हणजे म, ट, नर. पण 'मेंटेनरने' मधला शेवट झाला नरन आणि 'मेंटेनरचा' मधला नरच. दोन्ही टिपा सुटल्या.

तिने त्या वाचून ग्रुपवर लिहिलं, व्हर्जन पक्कं करून ठेवूया, नवीन मेंटेनरचे पहिले दोन रिलीज डिफ (कोडमध्ये काय बदललं ते) वाचूनच घेऊया. मी तिचा मेसेज टीप म्हणून जोडला, लेफ्टपॅड आणि एक्सझेड दोन्हींच्या "पुढे काय झालं" मध्ये.

टेस्टच्या फाइलमध्ये आज 'मेंटेनर' ची ओळ पण गेली. लीक-लोक, ॲप-अॅप, दुसऱ्या-दुसर्‍या, चूक-चुका, पॉवर, कंपनी, जावा-जावास्क्रिप्ट, सुरक्षित, आणि आता ही. इंडेक्स बांधायच्या आधी सगळ्या चालतात, यातली एक जरी पडली तरी नवीन इंडेक्स लागत नाही. 'गोची' ची ओळ वेगळी ठेवली आहे, ती अजून लाल आहे, पण तिच्यासाठी इंडेक्स अडत नाही.